मोजमाप न झालेलं बिल आणि 'जरा सांभाळून घ्या'

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात कंत्राटी ग्रामपंचायत अधिकारी आहे. मानधन १६ हजार. तीन वर्षं पुरी होऊन नियमित व्हायला सात महिने राहिलेत. सरपंच ताई आहेत, पण कारभार त्यांचे यजमान बघतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ताईंच्या डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची चावी, आप्पांच्याच खिशात असतो. वित्त आयोगाच्या निधीतून १२० मीटर बंदिस्त गटाराचं काम झालं, ठेकेदार आप्पांचा पुतण्या. बिल ४ लाख ८० हजारांचं आहे. अभियंत्यांनी अजून मोजमाप केलेलं नाही. मी पावलांनी मोजलं तर ९५ मीटरच्या आसपास भरतं. आप्पा म्हणतात, मार्चच्या आत बिल काढा, नाहीतर पैसे परत जातील. मी थांबा म्हणालो तर 'गडचिरोली दाखवतो' असं चारचौघांत बोलले. आमदारसाहेबांच्या स्वीय सहायकांचा फोन आला. गटविकास अधिकारी फोनवर म्हणाले, 'जरा सांभाळून घ्या.' तेव्हापासून मी दोन महिने मासिक सभा लावलेली नाही आणि आप्पांच्या गल्लीतल्या दिव्यांचं बिलही अडवून ठेवलंय. आता आप्पांनी यात्रेला जेवायला बोलावलंय. काय करू?"

भाऊसाहेब,

बिलाचं उत्तर एका ओळीत: मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन उपअभियंत्यांची तपासणी झाल्याशिवाय तुमची डिजिटल सही लावू नका. मार्च असो की आप्पा असोत. बाकी जे करायचं ते जरा विस्ताराने सांगावं लागेल, कारण तुमच्या पत्रातल्या निम्म्या गोष्टींत तुम्ही बरोबर आहात आणि निम्म्यांत नाही.

आधी आकडे बघू. १२० मीटरला ४ लाख ८० हजार म्हणजे मीटरला ४ हजार. २५ मीटर कमी भरलं तर एक लाख रुपये जास्तीचे जातील. लेखापरीक्षणात ते निघालं की वसुली साधारणपणे सरपंच आणि सचिव (म्हणजे तुम्ही) यांच्यावर निम्मी-निम्मी बसते. म्हणजे तुमच्या वाट्याला ५० हजार, तुमचं तीन महिन्यांचं मानधन. पुतण्याच्या वाट्याला काही नाही, आणि आप्पांच्या वाट्याला तर नाहीच, कारण कागदावर आप्पा कुठेच नाहीत. शिवाय घाईत काढलेल्या बिलात कपाती राहतात. करार अडीच लाखांवर असल्याने जीएसटीची २ टक्के कपात, ठेकेदार एकटा असेल तर आयकराची १ टक्का, कामगार उपकर १ टक्का. तुमच्या बिलावर हे सतरा हजारांच्या आसपास जातं, गौण खनिजाचं स्वामित्वधन आणि सुरक्षा अनामत वेगळी. एकदा पूर्ण रक्कम ठेकेदाराच्या खात्यात गेली की हे सतरा हजार मागायला पुतण्याच्या दारात जाणार कोण? जाणार तुम्हीच.

आणि बंदिस्त गटाराचं एक खास दुखणं आहे. रस्त्याची लांबी-रुंदी नंतरही टेप लावून घेता येते. गटाराची खोदाई किती झाली, तळाचं काँक्रीट किती जाडीचं, भिंतीत काय घातलं, हे स्लॅब पडल्यावर दिसत नाही. म्हणून झाकण्याआधी, प्रत्येक टप्प्यावर टेप दिसेल असे फोटो आणि अभियंत्याची नोंद घ्यायची असते. तुमच्याकडे ते झालेलं दिसत नाही. असं काम मग अंदाजपत्रक समोर ठेवून 'मोजलं' जातं आणि पुस्तिकेत बरोब्बर १२० मीटर येतात. अभियंते आले की तुम्ही टेपचं एक टोक धरा. चेंबरपासून चेंबरपर्यंत तुकड्या-तुकड्याने मोजा, दोन ठिकाणी झाकण उचलून आतली खोली बघा, आणि ९५ भरले तर ९५ चंच बिल. त्यात भांडण नाही. ठेकेदारानेही हजर राहून मोजमाप मान्य असल्याची सही करायची असते, ती घ्या. २५ मीटर खरंच राहिले असतील तर पुतण्याला काम पुरं करायला सांगा आणि मग पूर्ण बिल घ्या. बहुतेक वेळा हाच रस्ता सगळ्यांना पटतो, फक्त तो पहिल्या दिवशी कुणी सुचवत नाही.

आता आप्पा. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३८ प्रमाणे कार्यकारी अधिकार सरपंचाचा आहे. सरपंचाच्या यजमानांचा उल्लेख त्या कायद्यात शोधून सापडणार नाही. महिला पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी कामकाजात हस्तक्षेप करू नये, अशा ग्रामविकास विभागाच्या लेखी सूचनाही आहेत. पण तेवढ्यावरून उद्या त्यांना 'तुम्ही कोण?' म्हणून विचारू नका. गावात ते कोण आहेत हे तुम्हाला माहीत आहे आणि त्यांनाही. तुम्ही एवढंच करा की कागद त्यांच्याकडे जाऊ देऊ नका. फाईल, ठराव, पत्र, सगळं सरपंच ताईंच्या नावे, कार्यालयात, कामाच्या वेळी, शिपाई आणि शक्य तर एखादी महिला सदस्य समोर असताना. आप्पांनी टेबलाशी येऊन सांगितलं तर "ताईंना सांगतो, त्या म्हणतील तसं" एवढं म्हणा. पहिले दोन-तीन वेळा ते हसतील. ताईंना मात्र कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी विचारेल. महिलांचं आरक्षण महाराष्ट्रात २०११ पासून निम्मं झालं, पण ताईंसमोर कागद उलगडून "यात हे लिहिलंय, सही केली तर हे होतं" असं सांगणारा सचिव किती जणींना भेटला, हा प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो.

डोंगलचं मात्र सौम्य बोलून चालणार नाही. वित्त आयोगाचे पैसे तुमच्या आणि सरपंचांच्या, दोघांच्या डिजिटल सह्यांशिवाय सुटत नाहीत. डिजिटल सहीची चावी स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ ने सहीधारकावर टाकली आहे. दुसऱ्याची सही फसवणुकीने वापरणं हा कलम ६६ क खालचा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे ताईंना समजावून सांगा, आणि लगेच एक साधं पत्र द्या: डोंगल व पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा, वापर कार्यालयात समक्ष करावा. पोच घ्या. हे पत्र आप्पांना वाचायला मिळेलच, मिळू द्या. आणि तुमचा स्वतःचा डोंगल? संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड चिठ्ठीवर? तसं असेल तर आप्पांविषयी बोलण्याआधी तो काढून घ्या. ताईंनाही सांगायला हरकत नाही की गैरवर्तनाबद्दल कलम ३९ खाली सरपंचपद जाऊ शकतं. चौकशी मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, आदेश विभागीय आयुक्तांचा. धमकी म्हणून सांगू नका. त्यांची सही वापरणाऱ्याला काही होत नाही आणि खुर्ची त्यांची जाते, एवढं त्यांना कळलं की पुरे.

पुतण्याच्या ठेक्याबद्दल एक गोष्ट. नुसत्या नात्यामुळे सरपंच अपात्र ठरत नाही. पुतण्या वेगळा राहतो, त्याचा व्यवहार वेगळा आहे, तर प्रश्न नाही. त्या कामात सरपंचांचा स्वतःचा किंवा आडून हितसंबंध निघाला तर कलम १४ लागू होतं. पण ते सिद्ध करणं, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणं, हे गावातल्या विरोधी पॅनेलचं काम आहे, तुमचं नाही. विरोधक तुमच्याकडे कागद मागायला येतील, चहा पाजतील. त्यांना माहिती अधिकारात अर्ज करायला सांगा आणि मुदतीत कागद द्या, एक जास्त नाही, एक कमी नाही. आप्पांशी बिनसलंय म्हणून दुसऱ्या गटाचा 'आपला माणूस' झालात तर पुढच्या निवडणुकीनंतर हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल, फक्त नावं बदलून.

'जरा सांभाळून घ्या' या वाक्याचा अर्थ सरकारी मराठीत फार जुना आहे: काम करा, पण मी सांगितलं असं कुठे म्हणू नका. हा आदेश नव्हे. त्याची नोंद कुठे नाही आणि चौकशीत तो कुणाला आठवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी हेच सांगितलं, की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, सूचना आल्याच तर त्यांची नोंद ठेवावी. तुमच्या पातळीवर याला एकच हत्यार आहे आणि ते तुम्हाला ठाऊकच आहे: 'मार्गदर्शन मिळणेबाबत'. मजकूर साधारण असा ठेवा:

"विषय : बंदिस्त गटार कामाचे देयक अदा करणेबाबत मार्गदर्शन मिळणेस विनंती. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर कामाचे रु. ४,८०,००० चे देयक ठेकेदाराने दि. … रोजी सादर केले आहे. कामाचे मोजमाप झालेले नसून मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही. मोजमाप होणेबाबत शाखा अभियंता यांना दि. … रोजी पत्र दिले आहे. मोजमाप नोंद व तपासणी झाल्याशिवाय देयक अदा करावे किंवा कसे, याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे, ही विनंती."

यातलं 'किंवा कसे' सोडू नका. त्या दोन शब्दांत सगळी गंमत आहे. कुणीही शहाणा गटविकास अधिकारी 'मोजमापाशिवाय अदा करावे' असं लिहून देणार नाही, आणि 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं उत्तर आलं तर तुमचं काम झालं. उत्तर आलंच नाही तरी तुमच्याकडे पोच आहे. पहिल्या पत्रात साहेबांच्या फोनचा उल्लेख करू नका, त्यांनाही निसटायला वाट ठेवावी. पुन्हा फोन आलाच तर दुसऱ्या पत्रात 'आपण दि. … रोजी दूरध्वनीवरून सूचित केल्याप्रमाणे' अशी सुरुवात करा. पत्र पंचायत समितीच्या आवक शाखेत द्या, शिक्का आणि क्रमांक घ्या, झेरॉक्स वेगळ्या फाईलला. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून निळ्या टिकांवर विसंबू नका. साहेब रागाने "हे लेखी कशाला?" म्हणाले तर "साहेब, कंत्राटी आहे, चूक व्हायला नको म्हणून" एवढंच उत्तर पुरेसं आहे आणि खरंही आहे.

याच्या आधीचं पाऊल म्हणजे शाखा अभियंत्यांना पत्र, ते उद्याच जाऊ द्या. त्याची प्रत उपअभियंत्यांना. अभियंत्यांकडे दहा-पंधरा गावं असतात, मार्चमध्ये ते सापडत नाहीत, म्हणून पत्रात तारीख मागा आणि फोन करून गाडीची सोय विचारा. पैसे परत जाण्याचा प्रश्न विस्तार अधिकारी (पंचायत) यांना लेखी विचारा: या कामाची देयकं कोणत्या तारखेपर्यंत चढवता येतील? 'निधी परत जाईल' ही हाळी दर मार्चला उठते. कधी ती खरी असते, कधी ठेकेदाराची असते. खरी असली तरी त्यावर उपाय एकच, मोजमाप आठवड्यात करून घेणं.

गडचिरोलीची भीती डोक्यातून काढा. तुमची सेवा जिल्हा परिषदेची, संवर्ग जिल्ह्याचा. आंतरजिल्हा बदली ही तुम्ही अर्ज केला तरच होते. आमदार काय, पालकमंत्रीसुद्धा तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध सातारा जिल्ह्याबाहेर पाठवू शकत नाहीत. आप्पांना हे माहीत नसेल असं नाही. खरी भीती आहे ती पाटण-जावळीच्या डोंगरात टाकण्याची, किंवा त्याहून साधी म्हणजे तुमच्याकडे आणखी दोन गावांचा अतिरिक्त कार्यभार देण्याची. त्याची तयारी ठेवा. पाटणला पावसाळ्यात चार महिने हाल होतील, पण एक लाखाच्या आक्षेपापेक्षा पाटण स्वस्त.

नियमित होण्याचं म्हणाल, तर तो आदेश जिल्हा परिषदेतून निघतो, आणि अहवाल जातो तो गटविकास अधिकाऱ्यांचा. सरपंचाच्या शिफारशीला त्यात रकाना नाही. मात्र अहवाल बिघडवायला कारण लागतं, आणि ते कारण तुम्ही स्वतः तयार करून ठेवलंय. त्याकडे येतो. निलंबनाची पाळी आलीच तर १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय आयुक्त, पुणे यांच्याकडे दाद मागता येते. मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) पायऱ्या चढू नका, तिथे राज्य शासनाचे कर्मचारी जातात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालय, आणि आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय आणि सातारा-सांगली दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत. इथपर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही. पण माहीत असलं की रात्री झोप लागते. कुणी अंगावर आलं, रजिस्टर हिसकावलं, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा विषय आहे, पूर्वीचं ३५३. त्याची तक्रार त्याच दिवशी करायची असते. चार दिवसांनी केलेली तक्रार 'वैयक्तिक वादातून' ठरते. आणि हे कलम उगाच शब्दाला शब्द लागला म्हणून काढायचं नाही.

स्वीय सहायकांच्या फोनबद्दल. आमदारांना ग्रामपंचायतीच्या देयकावर आदेश देण्याचा अधिकार नाही, त्यांच्या सहायकांना तर नाहीच नाही. पण आमदार लोकांनी निवडून दिलेले आहेत, त्यांनी विचारणा केली तर उत्तर मिळायला हवं. "साहेबांचं पत्र आलं तर लगेच लेखी अहवाल देतो, मोजमाप अमुक तारखेला ठरलंय" असं अदबीने सांगा. दहांतल्या नऊ वेळा पत्र येत नाही. आलं तर ते आवक करा, उत्तर द्या. लोकप्रतिनिधी कार्यालयात आले तर उठून उभं राहावं, त्यांच्या पत्राला दोन महिन्यांत उत्तर द्यावं, असं राज्य शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय. उभं राहायला आपली काहीच हरकत नसावी, त्यात पाच सेकंद जातात. 'हक्कभंग आणतो' हे वाक्यही कानावर येईल. बेकायदा देयक नाकारल्याने हक्कभंग होत नाही. तुमच्यासारख्यांची खरी फजिती होते ती भूमिपूजनाच्या पत्रिकेत नाव राहिलं, कोनशिलेवर क्रम चुकला, यात. लाखाच्या बिलावर जेवढं भांडण होत नाही तेवढं कोनशिलेच्या दोन इंच दगडावर होतं. पत्रिकेचा मसुदा पंचायत समितीकडून तपासून घेतल्याशिवाय छापखान्यात देऊ नका.

आता तुमच्या चुका. दोन महिने मासिक सभा नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. आप्पांना तुमच्याविरुद्ध काही हवं असेल तर हेच हवं होतं. सभा बोलावणं सरपंचांचं काम, हे खरं, पण नोटीस काढून सदस्यांपर्यंत पोचवणं सचिवाचं. उद्या चौकशीत ताई म्हणतील, "मी तयार होते, भाऊसाहेबांनी नोटीसच काढली नाही." तीन पूर्ण दिवस आधीची नोटीस काढा, विषयपत्रिकेत गटाराचं देयक विषय म्हणून घ्या आणि समोर लिहा: मोजमाप अप्राप्त. सगळ्या सदस्यांसमोर तो विषय आला की तो तुमचा आणि आप्पांचा खाजगी झगडा राहत नाही. बहुमताने 'देयक तात्काळ अदा करावे' असा ठराव केला तर? ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा लिहा. त्याखाली सचिवाचा अभिप्राय लिहा की मोजमाप नोंदीअभावी देयक अदा करता येत नाही, आणि त्या पानाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा. ठराव करणं त्यांचा हक्क, त्याने मोजमापाची जागा भरत नाही.

इतिवृत्त लिहिताना एक काळजी. "शेवटी चार ओळी मोकळ्या ठेवा, एक विषय घालायचाय" असं कुणीतरी हमखास सांगतं. त्या चार ओळींत पुढे कुणाची तरी जागा, कुणाचं तरी नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, घर चढतं. शेवटच्या ठरावाखाली तिरकी रेघ मारा, वेळ लिहा, अध्यक्षांची सही तिथेच घ्या, पानांना आधीच क्रमांक घाला. हजेरीच्या सह्या सभा सुरू होताना घ्यायच्या, घरोघरी रजिस्टर फिरवून नाही. गायरानातलं अतिक्रमण नमुना ८ ला लावा म्हणून दबाव येईल, निवडणूक जवळ आली की जास्तच. तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही, हे खरं. पण त्याच उताऱ्यावर लोक वीज मीटर घेतात, कर्ज मागतात, आणि मग नोंद कुणी केली याचा शोध सुरू होतो.

दिव्यांचं बिल अडवलंत ते तर साफ चुकीचं. ते काम झालंय, मोजमाप आहे, कपाती झाल्यात, मग थांबवलं कशासाठी? आप्पांची गल्ली म्हणून? 'नियमात बसत नाही' हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी कर्मचाऱ्यांनी ढालीसारखं वापरून झिजवलंय. एकदा का लोकांना वाटलं की हा माणूस नियम सोयीने काढतो, की मोजमापाच्या खऱ्या नियमालाही कुणी भाव देत नाही. ते बिल या आठवड्यात काढा. तसेच दाखले: लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मधल्या मुदती ओलांडल्या तर ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंतचा दंड तुमच्या खिशातून जातो. आप्पांच्या माणसांचे दाखले सगळ्यांच्या आधी नको, नंतरही नको.

तुम्ही पत्रात आणखी एक वाक्य लिहिलंत, ते वर घेतलं नव्हतं: "खरं तर गटारापेक्षा शाळेच्या रस्त्याची गरज होती, तरी त्यांनी गटारच धरलं." ते त्यांनी धरायचंच असतं. कोणतं काम आधी, कोणत्या आळीत, हे ग्रामसभा आणि पंचायत ठरवणार. आराखड्यात घेतलेलं, मंजूर झालेलं गटार तुम्हाला चुकीचं वाटलं तर सभेत एकदा सांगा आणि मग कामाला लागा. लोकांनी मत त्यांना दिलंय. किती मीटर झालं, कोणत्या तारखेला झालं, किती रुपये द्यायचे, ही तीन मात्र मतावर ठरत नाहीत आणि तिथे तुम्ही एक इंच सरकायचं नाही. मोजमापाचं भांडण काम निवडण्याच्या विषयात नेलंत की तुम्ही हरता, आणि त्यांनी काम निवडण्याचा हक्क मोजमापात आणला की ते हरतात.

तुम्हाला दोन मालक का, असा वैताग तुमच्या पत्रभर आहे. काम सरपंचांच्या हाताखाली, पगार आणि शिस्त जिल्हा परिषदेची. हे चुकून झालेलं नाही. १ मे १९६२ ला यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा वसंतराव नाईक समितीच्या आराखड्यावरून कारभार निवडून आलेल्यांच्या हाती दिला आणि शेजारी शासनाचा मुख्य कार्यकारी अधिकारी बसवला. तीच वीण खाली गावापर्यंत आली. एका सहीवर पैसा हलू नये म्हणून दोन सह्या. समारंभात याला 'रथाची दोन चाकं' म्हणतात. प्रत्यक्षात ते दोन किल्ल्यांचं कुलूप आहे, आणि दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे म्हणूनच आप्पांना तुमच्याशी बोलावं लागतं.

दप्तराचं एक राहिलं. वाद वाढला की काही जण रोकडवही, ठराव वही 'सुरक्षित' म्हणून घरी नेतात. हे कधीही करू नका, उलट दप्तर दडवल्याचा गुन्हा तुमच्यावर पडतो. मूळ कागद कार्यालयातच, तुमच्याकडे फक्त प्रती: गटाराच्या फाईलच्या, पत्रांच्या पोचांच्या, त्या दिवसापर्यंतच्या रोकडवहीच्या शेवटच्या पानाच्या. बदली झालीच तर प्रभार यादी करून, एकेका रजिस्टरचं नाव आणि शेवटच्या नोंदीची तारीख लिहून, घेणाऱ्याची सही घेऊनच गाव सोडा. बिल त्यानंतर निघालं तर ते कुणाच्या काळात निघालं हे त्या यादीवरून कळतं. ठेकेदाराने पाकीट पुढे केलं, 'तुमचंही बघतो' म्हणाला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तो फक्त लाच मागणाऱ्याविरुद्ध असतो हा गैरसमज आहे, देणाऱ्याविरुद्धही तक्रार होते.

आणि यात्रेचं जेवण. जा की. गावजेवणाच्या पंगतीत, दुपारी, सगळ्यांबरोबर बसा, शिपायालाही बरोबर घ्या. रश्श्याला नाही म्हणू नका, माण-खटावात यात्रेला आलेला माणूस न जेवता गेला तर ते बिल अडवण्यापेक्षा जास्त लागतं. रात्री 'आपण चौघंच बसू' असं बोलावणं आलं तर पोट बिघडलंय म्हणा. जाण्याआधी गटाराची फाईल कपाटात ठेवून कुलूप लावा. जेवताना आप्पांनी विषय काढलाच तर अभियंत्यांनी दिलेली तारीख सांगा आणि म्हणा, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही पण या, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच."